घरशाळा, ओव्हन आणि कोलमडणारं वेळापत्रक

लेकुरवाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी साडेसहाची. गेल्या जूनपासून दोघंही घरीच शिकतात. का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर नातेवाइकांचं सगळं बोलून झालंय, इथे परत नको! नवरा सकाळी साडेआठला सातपूरला कंपनीत जातो. मी दुपारी दोन ते सहा घरूनच हिशेबाची कामं करते. सासूबाई आमच्याजवळ असतात.

जूनमध्ये मी हौसेने वेळापत्रक केलं. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, फ्रिजवर डकवलं. तिसऱ्या दिवशी घरात प्लंबर. चौथ्या दिवशी धाकटीला ताप. पाचव्या दिवशी थोरल्याने न्हाणीघराच्या उंबऱ्यावरची मुंग्यांची रांग बघण्यात अख्खी सकाळ घालवली. तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्यावर दुधाचा हिशेब लिहिते.

या सगळ्यात टिकलेली एकच गोष्ट म्हणजे बुधवारचं बेकिंग. लग्नात आलेला १९ लिटरचा ओटीजी माळ्यावर होता, तो काढला. पहिला केक मध्येच बसला, अगदी खळगा पडला. तरी दोघांनी चाटूनपुसून खाल्ला आणि पुढच्या बुधवारी सकाळी सात वाजता माझ्या आधी ओट्यापाशी हजर. गणिताला इतक्या वेळेवर कोणी आलेलं नाही.

तर विचारायचंय असं, की मुलांना जवळजवळ स्वतःच्या हाताने करता येतील अशा भाजायच्या गोष्टी कोणत्या? अंडं आम्ही खातो, पण सासूबाई नाही, त्यामुळे बिनअंड्याचं आधी. आणि दुसरं, ज्यांची मुलं घरी शिकतात ते दिवस कसा बसवतात? का सगळ्यांच्याच फ्रिजवर दुधाचा हिशेब आहे?

फणसगरे

ओव्हन नंतर. सोप्यात सोपं आणि बिनअंड्याचं म्हणजे आमची तवसोळी, काही घरांत धोंडस म्हणतात. मोठं जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, आणायची, बिया आणि आतला गर काढून किसायचं. रवा तुपावर खमंग भाजायचा. किसात गूळ विरघळला की ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची आणि रवा घालून एक वाफ आणायची आणि तूप लावलेल्या पातेल्यात ओतायचं. आजी पातेल्याखाली निखारे ठेवायची आणि झाकणावरही निखारे. वरखाली धग, म्हणजे ओव्हनच की! तुमच्या ओटीजीत १८० वर पाऊणेक तास लागेल, कडा सोनेरी झाल्या की झालं. सोडा नको, पावडर नको, त्यामुळे फुगलं नाही म्हणून रडारडही नाही.

खमंग

किसताना अर्धं तवसं किसणाऱ्याच्या पोटात जातं, हा मूळ कृतीतलाच भाग आहे. तेवढं जास्तीचं आणा.

ओटीजी_वाला

केक मध्ये बसण्याची नेहमीची तीन कारणं. पहिल्या वीस मिनिटांत दार उघडलं, सोडा किंवा पावडर जास्त झाली, नाहीतर वरून रंग आला म्हणून आत कच्चा असताना काढला. लहान ओटीजीत तिसरं फार होतं, कारण केकचं भांडं वरच्या कांबीच्या अगदी जवळ येतं. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावा आणि वरून लवकर लाल झालं तर फॉइल अलगद ठेवा.

दुसरं, बटणावर १८० दिसतं म्हणजे आत १८० असतंच असं नाही. आत टांगायचा ओव्हनचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. माझा ओव्हन वीस अंश जास्त तापतो हे मला चार वर्षांनी कळलं. तोवर मी बायकोच्या कृतींना नावं ठेवत होतो.

तिसरं, वजनकाटा. कपभर मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ते १२५ ग्रॅम, दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. मुलं दाबून भरतात. नेहमी.

बिनअंड्याचा रवा केक घ्या, हा बिघडतच नाही. दीड कप बारीक रवा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा कप दूध. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगेल. मग एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा (पोह्याचा छोटा चमचा). १८० वर ३५ ते ४० मिनिटं. सोडा घातल्यावर गप्पा मारत बसू नका. दह्यातल्या आंबटपणाशी त्याचं काम लगेच सुरू होतं आणि गॅस निघून गेला की केक नव्हे, ढोकळ्याचा भाऊ मिळतो.

घरी_बसलेला_बाबा

कोल्हापुरातून. आमच्यात मी घरी आणि बायको बँकेत. लेक आठ वर्षांची, दुसरीनंतर शाळा सोडली. आमच्याकडे ओव्हनच नाही, सगळं कुकरात. तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, वर केकचं भांडं. झाकणाची रिंग आणि शिट्टी काढायची, मंद आचेवर ४५ मिनिटं. लई भारी होतो.

फक्त काढलेली शिट्टी कुठं ठेवली ते लिहून ठेवा. आमची १२ दिवस झाले सापडत नाही. बायको वरण पातेल्यात शिजवते आणि माझ्याकडं बघते.

ओटीजी_वाला

@घरी_बसलेला_बाबा, रोजच्या कुकरात हे नका करत जाऊ. कुकर पाण्याशिवाय तापवू नये असं कुकरसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. जुनी जाड बुडाची कढई किंवा डेगची त्यासाठीच बाजूला ठेवा आणि वर घट्ट झाकण. मीठ परत परत वापरता येतं, पण स्वयंपाकात घेऊ नका.

खमंग

आणि शिट्टीचा प्रश्नच मिटला.

डॅलसची_वहिनी

वाचनखूण साठवली! आमच्या गल्लीत तीन घरं होमस्कूलवाली आहेत. टेक्सासात याला कसलीही परवानगी लागत नाही, शाळेत नाव घातलेलंच नसेल तर कोणाला कळवावंही लागत नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि 'सुनागरिकत्व' एवढं शिकवलं की झालं. उलट न्यूयॉर्कमध्ये माझी मावसबहीण आहे, तिला वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पहिली ते सहावीला वर्षाचे ९०० तास भरायचे. ती बेकिंगचे तास गणितात धरते.

शेजारीण पाच मुलांची आई आहे. तिची पद्धत मला फार आवडली: ज्याचा वार त्याचं स्वयंपाकघर. सोमवार थोरल्याचा, मंगळवार दुसरीचा. त्या दिवशी ज्याचा वार तोच आईचा मदतनीस, बाकीच्यांनी ओट्याकडे फिरकायचं नाही. दोन मुलं एकाच भांड्यात एकाच वेळी ढवळायला लागली की काय होतं ते सांगायला नकोच. आमच्याकडे 'सुनागरिकत्व' म्हणजे भांडी घासणे.

मैदाविरोधक

एवढं शिकलेले पालक मुलांना घरी ठेवून शेवटी मैदा आणि साखरच खायला घालणार असतील तर शाळेतला डबा काय वाईट होता?

खमंग

आले.

फणसगरे

मैदाविरोधक, तवसोळीत मैदा नाही. वाचत चला हो.

मैदाविरोधक

वाचलं. गूळ आहे ना? तीही साखरच.

(पण तवसोळीला माझा विरोध नाही, आई करायची. आणि विरोधापुरताच नाही, उपायही सांगतो. मी नाचणी आणि कणीक निम्मी निम्मी घेऊन बिस्किटं करतो. नुसत्या नाचणीत किंवा ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ताटलीतून उचलताच भुगा होतो. निम्मी कणीक सांभाळून घेते. तूप, गुळाची पूड, चिमूटभर सुंठ, १६० वर वीस मिनिटं.)

पेठेतला_नाना

घरी भाजण्याचं एवढं अप्रूप वाटतंय म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी ओव्हन कोणाकडेच नव्हता, तरी मे महिन्यात घरोघरी नानकटाई असायची. आई मैदा, डालडा आणि पिठीसाखर डब्यात भरून द्यायची, वर वहीच्या कागदाची चिठ्ठी: आडनाव आणि वजन. तो डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं. त्यांचं पावाचं काम उरकलं की भट्टी निवत आलेली असे, त्या धगीवर लोकांचे जिन्नस भाजून देत. मजुरी किलोवर. पोरांचं काम एकच: बसून राहायचं आणि आपले ट्रे दुसऱ्याच्या डब्यात जात नाहीत ना ते बघायचं. दोन-अडीच तास. पीठ मळताना, गोळ्यावर बदाम दाबताना, लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सरकवताना बघत बसायचो. मी जे काही भाजण्याबद्दल शिकलो ते त्या बाकावर. तिथे कोणी 'शिकवत' नव्हतं.

आता कडू बोलतो. मुलांना शाळेतून काढण्याच्या मी विरोधात आहे. शाळेत मार खाल्ला, डबा चोरला, मित्र मिळाले. ते घरी कसं मिळणार? राग मानू नये.

हिने सांगितलेलं नानकटाईचं प्रमाण, भांडून झाल्यावर: मैदा एक वाटी, बेसन पाव वाटी, रवा दोन चमचे, तूप अर्धी वाटी, पिठीसाखर अर्धी वाटी, सोडा चिमूट, वेलची. तूप आणि साखर हाताने पांढरी होईपर्यंत फेसायची, यात कंटाळा करायचा नाही. १७० वर १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते, गार होताना कडक होते. मऊ आहे म्हणून परत आत ढकललीत तर खडा खाल.

लेकुरवाळी

एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

नाना, राग नाही. मार खाण्याची सोय घरी आहे, दोघं एकमेकांना पुरेसं देतात. मित्रांचं म्हणाल तर सोसायटीच्या मैदानावर पाच ते सात दोघं पडीक असतात. पण शाळेतले मित्र ते शाळेतलेच, हे मान्य. थोरल्याला पहिले दोन महिने फार जड गेले. रोज साडेबारा वाजता बाल्कनीत उभा राहून शाळेची बस बघायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

बेकरीचा बाक भारी. सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्यांनी त्यांच्या माहेरची, येवल्याची बेकरी सांगायला घेतली आणि माझी दोन वाजताची मीटिंग हुकली.

चिमणचारा

जरा सविस्तर लिहिते, कारण मी यातून पार पडलेली आहे. लेक आता १६ वर्षांची. चौथीनंतर घरी शिकली.

पहिलं वर्ष आम्हीही शाळा घरी आणली. घंटा वाजवायचे मी, खरंच, देवघरातली. मी रडले, ती रडली. मग एकदा आईने विचारलं, "अगं, तुमच्या लहानपणी मला कुठे होतं वेळापत्रक? तरी सगळं व्हायचंच ना?" विचार केला तर तिच्या दिवसाला चौकोन नव्हते, खुंट्या होत्या. सकाळचं पाणी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा दिवा. या तीन हलायच्या नाहीत, मधलं काय वाटेल ते होऊ दे.

आम्ही तेच केलं. न्याहारीनंतर एक तास टेबलावर बसायचं, गणित आणि लिहिणं. जेवणानंतर सगळ्यांनी आडवं होऊन वाचायचं, मी मोठ्याने वाचायचे. संध्याकाळी बाहेर. एवढ्याच तीन खुंट्या. पाहुणे आले, आजारपण आलं तर मधलं गळून पडायचं, खुंट्या राहायच्या. आठवड्यालाही एक खुंटी होती, आमची गुरुवारी भाजी मंडई. तुमची बुधवारची आहे. मला विचाराल तर तुम्ही वेळापत्रक केलेलंच आहे, फक्त ते फ्रिजवर नाही.

परीक्षेचं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहून टाकते. लेकीने दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दिली. १४ पूर्ण लागतात, पाच विषय, आणि परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तिने गणित आणि विज्ञानाबरोबर गृहविज्ञान आणि चित्रकला घेतली. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्याही बसता येतं, त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तुमच्या मुलांचे दाखले असतील तर जपून ठेवा. आमचा एका शाळेने तीन महिने दिला नव्हता, पण ती रडकथा वेगळ्या धाग्यावर.

मनकवडा

बेकायदेशीर नाही का हे? शिक्षणहक्क कायदा आहे ना?

चिमणचारा

@मनकवडा, २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि त्याला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. पण न घातलं म्हणून पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरशिक्षणाला 'चालेल' असंही कुठे लिहिलेलं नाही, 'बंदी' असंही नाही. अर्धवट उजेडातच चालतो आम्ही. मात्र कलम ४ उपयोगाचं आहे: शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. उद्या मुलं म्हणाली परत जायचंय, तर दार उघडं आहे. लेकुरवाळी, बसकडे बघणाऱ्याला हे एकदा सांगून ठेवा.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत हा धागाच निघाला नसता. घरी शिकवायला बंदी आहे, शाळेत जाणं सक्तीचं. मुलगा सर्दीने घरी असला तरी पहिल्या दिवशीच शाळेला कळवावं लागतं. त्यामुळे आमची घरशाळा फक्त शनिवार-रविवारी, आणि तीही मराठीची. भाजणं हेच तिचं पाठ्यपुस्तक. 'चाळ', 'मळ', 'ठेच', 'फेस', 'परत', ही क्रियापदं बोलण्यात येतात तरी कुठे एरवी? माझ्या सात वर्षांच्या पोराला 'तिंबणे' हा शब्द माहीत आहे. पुण्यातल्या भाच्याला नाही.

(पिठाच्या पाकिटावर आकडे असतात इथे. केकला ४०५, पावाला ५५०. पहिल्या वर्षी १०५० चं आणून केक केला होता. दाराला अडसर म्हणून छान चालला.)

वर्गशिक्षिका

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, २२ वर्षं झाली. धागा आवडीने वाचतेय, तरी थोडं खुपलं ते लिहिते.

दिवाळीच्या आसपास माझ्या वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं येऊन बसतात, आणि इथली काही पोरं आईबापांबरोबर दुसरीकडे गेलेली असतात. काही मुली धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवरच (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) राहतात. त्याही 'घरीच' असतात, चूलही करतात, भाकरी माझ्यापेक्षा चांगल्या थापतात. त्यांच्या हाताला अपूर्णांक कळतात, पण त्यांची नावं कोणी 'घरशाळा' या धाग्यावर लिहीत नाही. मी दारोदार फिरून त्यांना शाळेत आणते. त्यामुळे 'शाळा सोडली' हे वाक्य हौसेने लिहिलेलं वाचलं की पोटात तुटतं.

म्हणजे शाळा भिंतींतच पाहिजे असं नाही. ताराबाई मोदकांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं शाळेत येईनात तर शाळाच कुरणावर नेली. पण ती मुलांची अडचण होती म्हणून, पालकांची निवड म्हणून नव्हे. एवढाच फरक लक्षात असू द्या.

लेकुरवाळी, तुमच्यावर राग नाही. बाल्कनीतल्या मुलाबद्दल मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहिलं. आणि मास्तरकीचा सल्ला फुकट: थोरल्याला कृती देताना प्रमाण दीडपट किंवा पाऊणपट करायला सांगा. दीड वाटीची पाऊणपट किती? सहावीची पोरं इथे अडकतात. वाटी हातात असली की अडकत नाहीत.

घरी_बसलेला_बाबा

बाई, नमस्कार. काही बोलायला शिल्लक नाही.

(सव्वा वाटीपेक्षा थोडं कमी. बोटांवर केलं.)

लेकुरवाळी

वर्गशिक्षिका, दोन दिवस उत्तर लिहीत होते आणि खोडत होते. तुमचं बरोबर आहे. आम्हाला निवड करता आली, कारण दोन पगार आहेत, आजी घरात आहे. हे मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं होतं.

म्हापशेकर

विषय परत भट्टीकडे नेतो. सगळे केक आणि बिस्किटांत अडकलात, पाव कोणी काढलाच नाही! पोरांना केकपेक्षा पावात मजा जास्त, कारण पीठ जिवंत असतं. झाकून ठेवलं की वाढतं, बोट खुपसलं की हळूहळू वर येतं. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ येतो, उंडे, पोळी, काकणां असे पावाचे प्रकार घेऊन. पूर्वी पाव यीस्टने नाही, माडाच्या सुरेने फुगवायचे. काकणां मुलांकडून करून घ्या. पिठाची दोरी वळायची आणि बांगडीसारखी जोडायची, बस्स. माझी नात दोन्ही हातांत घालून फिरायची आणि मग खायची.

लादी पावाचं माझं प्रमाण: मैदा ३७५ ग्रॅम, कोमट दूध-पाणी मिळून २४० मिली, लोणी ४० ग्रॅम, साखर दोन चमचे, मीठ एक छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. दहा मिनिटं दणकून मळायचं. तास-सव्वा तास झाकून, दुप्पट झालं की १२ गोळे. परत अर्धा-पाऊण तास, मग २०० वर १५ ते १८ मिनिटं. दूध बोटाला सोसेल एवढंच कोमट. कढत झालं तर यीस्ट मेलं.

मनकवडा

पायाने तुडवून पीठ मळायचे म्हणून 'पाव' ना?

पेठेतला_नाना

नव्हे! हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पोर्तुगीज 'पांव' या शब्दावरून आलेला हा पाव. आणि पावशेरातला पाव संस्कृत 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा, त्यावरून. दोघांचा काही संबंध नाही. पायाचा तर त्याहून नाही.

खमंग

नाना, म्हणजे पाव पाव खाल्ला तर तोंडात संस्कृत आणि पोर्तुगीज दोन्ही?

पेठेतला_नाना

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). आज एवढंच बास.

सुगरणीचा_नवरा

रच्याकने (बाय द वे), एवढं सगळं भाजून झाल्यावर ओटा कोण पुसतं? धाग्यात सगळं आहे, हेच कोणी लिहिलेलं नाही.

डॅलसची_वहिनी

लिहिलंय. 'सुनागरिकत्व'.

लेकुरवाळी

तीन आठवड्यांनी परत आलेय. आधी ओट्याचा प्रश्न: थोरला पुसतो, धाकटी जमिनीवरचा मैदा झाडूने सगळीकडे समान वाटते.

डॅलसच्या वहिनींचं वारांचं चोरलं. एक बुधवार त्याचा, एक तिचा. तिचा आधी आला, तिने नानांची नानकटाई निवडली. तूप-साखर फेसायला वीस मिनिटं लागली, तिघांनी आळीपाळीने हात बुडवले, तिसरा हात सासूबाईंचा. मऊ लागली म्हणून मी ट्रे परत आत घालणार तोच त्या ओरडल्या, "ठेव तसंच!" त्यांना येवल्याच्या बेकरीतलं आठवत होतं. त्यांच्यासमोर नानांचं नाव काढायची सोय राहिली नाही, कृती आता त्यांची आहे.

त्याच्या बुधवारी पाव. पहिला घाणा दगड झाला, कारण दूध कढत होतं. म्हापशेकर, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, तरीही. तो अर्धा तास खोलीत दार लावून बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, परत करू. दुसऱ्यांदा पीठ फुगलं. १२ गोळे सारखे करायचे म्हणून त्याने सगळं पीठ काट्यावर ठेवलं तर ६९० ग्रॅम. बाराने भाग जाईना म्हणून वैतागला. मी काही बोलले नाही (जमलं कसं, माहीत नाही). कागदावर खाडाखोड करून पाच मिनिटांनी म्हणाला, "आई, साडेसत्तावन्न." आणि प्रत्येक गोळा साडेसत्तावन्नचा होईपर्यंत तोडत-जोडत राहिला. तेवढ्यात दोन वाजले, मी कामाला बसले, मधलं सगळं आजी आणि नातवाने केलं. तापलेला ट्रे मात्र मीच काढला, तो नियम आहे.

चिमणचारा, खुंट्या तीन ठरवल्यात. न्याहारीनंतरचा तास, दुपारचं वाचन, पाचचं मैदान. दुपारचं वाचन रोज होत नाही, सासूबाई वाचता वाचता झोपतात आणि मुलं त्यांच्या घोरण्याची नक्कल करतात. फ्रिजवरचा कागद काढला. दुधाचा हिशेब आता कॅलेंडरवर.

आणि वर्गशिक्षिका, चिमणचारांनी लिहिलेलं कलम ४ चं त्याला सांगितलं. परत जायचं असेल तर जाता येईल म्हणून. त्याने विचारलं, "बुधवारी सुट्टी असते का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, मग जूनमध्ये बघू. आता जूनमध्ये बघू.

वर्गशिक्षिका

त्याला सांगा, आमच्या शाळेत शनिवारी अर्धा दिवस असतो. बघायला पाठवा एकदा. येताना साडेसत्तावन्नचे सहा पाव.

म्हापशेकर

पहिला घाणा सगळ्यांचाच दगड होतो. तो फेकला नसेल तर वाळवून रवाळ कुटा, कटलेटला लावायला उत्तम.

लेकुरवाळी

@म्हापशेकर, उशीर झाला. धाकटीने अंगणात दगडांच्या ओळीत लावलेत. मुंग्या आल्यात. थोरला कालपासून तिथेच बसलाय.

घरी_बसलेला_बाबा

मंडळी, शिट्टी सापडली. ३३ दिवसांनी. तांदळाच्या डब्यात. लेकीने 'आठवणीने' ठेवली होती म्हणे, कारण कुकर लावताना तांदूळ काढतातच. लॉजिकला तोड नाही. बायको मधल्या काळात नवी घेऊन आली होती, त्यामुळे आता दोन आहेत.

खमंग

दोन्ही लिहून ठेवा कुठे ठेवल्यात.